लाल उजेड हवाय: ड्रॅगन फ्रूटचं शिवार, मँगनीज आणि आमची भट्टी

मांजराकाठ (धागाकर्ता) · ८ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी छत्रपती संभाजीनगरला एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव केज तालुक्यात, धनेगावच्या धरणापासून जवळ. प्रबंधाचा विषय एलईडी दिव्यात लागणाऱ्या फॉस्फरचा. फॉस्फर म्हणजे एका रंगाचा उजेड पिऊन दुसऱ्या रंगाचा उजेड देणारी पावडर. दीड वर्ष हे काम करतोय, पण ते नेमकं कुणासाठी करतोय हे मला दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

मामांनी दोन वर्षांखाली माळावर ड्रॅगन फ्रूट लावलंय. रात्री दहाला आम्ही मोटर बघायला गेलो तर अख्खा माळ उजळलेला, खांबाखांबावर बल्ब. हंगाम सरला तरी फुलं यावीत म्हणून ही दिवाबत्ती. मामा म्हणाले, "तू बल्बाचंच शिकायलास ना? मग सांग, ह्या पांढऱ्या उजेडातला किती झाडाला लागायलाय अन् किती वाया जायलाय?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तिथून परत आल्यापासून तोच प्रश्न डोक्यात आहे.

आधी दिव्याचं सांगतो. पांढऱ्या एलईडीत पांढरं काहीच नसतं. घरातला एखादा गेलेला बल्ब घ्या, वरचं दुधी टोपण काढा. आत डाळीच्या दाण्यासारखे पिवळे ठिपके दिसतील. त्या पिवळ्या थराखाली इंडियम गॅलियम नायट्राइडची बारीकशी चकती असते आणि ती निळा उजेड देते, साधारण ४५० नॅनोमीटरचा (उजेडाचा रंग त्याच्या लहरीच्या या लांबीवरून ठरतो). वरची पिवळी पावडर म्हणजे यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट, त्यात कणभर सेरियम. थोडा निळा उजेड तसाच बाहेर येतो, बाकीचा पिवळा होऊन येतो, आणि दोन्ही मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. ही जोडी १९९६ साली जपानच्या निचिया कंपनीनं बाजारात आणली. त्यामागचा निळा एलईडी करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या जोडीत लाल फार कमी असतो, आणि झाडाला नेमका तोच हवा असतो. ड्रॅगन फ्रूटला फुलायला मोठा दिवस लागतो, पण झाड खरं तर रात्र मोजतं. पानात किंवा खोडात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल उजेड घेतं. मध्यरात्री काही तास तो उजेड मिळाला की लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि झाडाला उन्हाळा असल्यासारखं वाटतं.

लाल फॉस्फर बाजारात आहेत. एक युरोपियमचा नायट्राइड, पण तो करायला दाबाखालचा नायट्रोजन आणि फार मोठं तापमान लागतं, शिवाय युरोपियम दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) गटातलं. या गटाचा बाजार जवळपास चीनच्या हातात आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, त्यात यिट्रियमही होतं. म्हणजे आपल्या साध्या बल्बातल्या पिवळ्या पावडरीचा मुख्य घटकच. दुसरा लाल फॉस्फर मँगनीजचा फ्लोराइड. उजेड सुंदर, पण करताना हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं.

मी धरलेली वाट तिसरी आहे: कॅल्शियम हेक्साॲल्युमिनेट, त्यात शेकडा एकाहूनही कमी मँगनीज. मँगनीज चार धन प्रभाराच्या अवस्थेत बसला तर ६५६ नॅनोमीटरला लाल चमकतो, म्हणजे फायटोक्रोमच्या अगदी शेजारी. कॅल्शियम, ॲल्युमिनियम, मँगनीज, यातलं काहीच दुर्मिळ नाही. मँगनीजच्या खाणी तर आपल्याच राज्यात, नागपूर-भंडाऱ्याकडे आहेत.

पद्धत ज्वलनाची. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८८ साली ही पद्धत जगासमोर मांडली. धातूंची नायट्रेटं आणि युरिया पाण्यात विरघळवायचा, बशीत घालून ५०० अंशांच्या मफल भट्टीत ठेवायचा. आधी उकळतं, मग फसफसतं, मग भक्कन पेटतं, आणि पाच मिनिटांत बशीभर पांढरा फेस उरतो. आतल्या ज्योतीचं तापमान क्षणभर भट्टीच्या तापमानाच्या कितीतरी पुढं जातं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दार लावून दहा मिनिटं मी नुसता उभा होतो. (शेतात टाकतो त्या युरियाला निंबोळीचं लेपन असतं, म्हणून इथं शुद्धच घ्यावा लागतो.)

अडचण इथं आहे. गेल्या आठवड्यातली पावडर अतिनील दिव्याखाली धरली तर लाल नाही, हिरवी चमकली. का, ते कळत नाही. आणि ज्यांच्या रानात रात्रीचे दिवे आहेत त्यांना विचारायचंय: किती खांबांना किती बल्ब, किती वॅटचे, किती तास? बल्ब किती दिवस टिकतात? खरे आकडे हवेत.

---

शिवारातून · ९ डिसेंबर, सकाळी ६:१५

भाऊ, आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले. एक एकर, पाचशे खांब, दोन खांबांच्या मधी एक असे ९ वॅटचे बल्ब. रात्री दहा ते दोन. पहिल्या वर्षी स्वस्तातले आणले, दोन महिन्यांत शंभराच्या वर गेले. काही लुकलुक करायले, काही नुसते मिणमिणते. दुसऱ्या वर्षी जरा बरे घेतले.

आमचा मोठा त्रास लाईटीचा. डीपीवर भार आला की सगळं शिवार अंधारात. सलग चार तास कधी मिळतात कधी नाही. मधी एक तास गेली तर झाडावर काय फरक पडतो ते कुणीच सांगत नाही. तुमाला माहीत असेल तर सांगा.

आणखी एक. पांढऱ्या बल्बाभोवती पाखरं लई येतात. लाल असला तर कमी येतील का?

---

मांजराकाठ · ९ डिसेंबर, दुपारी १:०५

दादा, आकड्यांबद्दल मनापासून आभार. वहीत उतरवून घेतले.

पाखरांचं आधी. बहुतेक रात्रीच्या किड्यांचे डोळे अतिनील, निळा, हिरवा उजेड चांगला पकडतात, लाल त्यांना फारसा दिसत नाही. पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो म्हणून झुंबड उडते. लाल दिव्याला गर्दी कमीच होईल.

लाईट जाण्याबद्दल: रात्र मधोमध तुटणं महत्त्वाचं असतं. दहाला सुरू करण्याऐवजी बाराच्या आगेमागे तास धरून ठेवता आले तर बघा. पण तुमच्या झाडावर नेमके किती तास पुरतील हे तुमच्याच रानात मोजावं लागेल, पुस्तकावरून सांगणं मला बरोबर वाटत नाही.

---

निवृत्त_वायरमन · ९ डिसेंबर, रात्री ८:५०

तीस वर्षं खांबावर चढलो, म्हणून लिहितो. बल्ब जातो तेव्हा शंभरातल्या नव्वद वेळा चकती चांगली असते, जातो तो ड्रायव्हर, म्हणजे चकतीला हवी तशी वीज पुरवणारी आतली जोडणी. त्यातही कॅपॅसिटर. आतल्या रसाचा तो गोल कॅपॅसिटर उष्णतेनं सुकतो. ढोबळ नियम असा की दर दहा अंश वाढले की त्याचं आयुष्य निम्मं. आपल्याकडं एप्रिलमध्ये ४२-४३ अंश, त्यात बंद बल्बाच्या आतली गरमी, मग काय उरणार?

दुसरं कारण व्होल्टेज. संध्याकाळी मोटरी चालू असतात तेव्हा १७० पर्यंत उतरतं, मध्यरात्री लोड सुटला की २६० च्या वर जातं. शेवटच्या खांबावरच्या शेतकऱ्याला दोन्हीचा मार. बल्ब घेताना खोक्यावर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते वाचा. रानातल्या लायनीला सर्ज संरक्षण आणि चांगली अर्थिंग करा. ओल्या रानात उघडे होल्डर लावू नका, ही हात जोडून विनंती आहे.

पोरा, पावडर कितीही चांगली केली तरी ड्रायव्हर फुकट असेल तर मामाचा बल्ब जाणारच. प्रबंधात त्याचंही एक प्रकरण घाल.

---

मांजराकाठ · ९ डिसेंबर, रात्री १०:३०

काका, घालतो. तुमचं म्हणणं फॉस्फरलाही लागू पडतं. चकती तापली की फॉस्फरचाही उजेड कमी होतो. गार्नेट १५० अंशांपर्यंत चांगला तग धरतो, माझ्या पावडरीचं अजून मोजायचंय.

---

प्रयोगशाळेतली_ताई · १० डिसेंबर, सकाळी ११:२०

मी नांदेडला रसायनशास्त्र शिकवते. तुझ्या हिरव्या उजेडाचं कारण बहुधा मँगनीजची अवस्था. युरिया जळताना आत क्षणभर ऑक्सिजन कमी पडतो आणि मँगनीज दोन धन प्रभारावर उतरतो. तो ॲल्युमिनेटमध्ये चार ऑक्सिजनांच्या चौफुलीत बसतो आणि ५१५ च्या आसपास हिरवा चमकतो. लाल हवा असेल तर त्याला सहा ऑक्सिजनांच्या घरात, चार धन प्रभाराचा करून बसवावा लागेल. म्हणजे हवेत, मोठ्या तापमानाला पुन्हा भाजणं आलं.

दुसरं, ज्वलनानं फेस मिळाला म्हणजे हेक्साॲल्युमिनेट मिळालं असं धरू नकोस. कॅल्शियम-ॲल्युमिनियमची तीन-चार वेगळी संयुगं याच मिश्रणातून होतात. एक्सआरडी (क्ष-किरणांनी पावडरीतली संयुगं ओळखायची चाचणी) केलास का? आणि मॅग्नेशियम घालतोस ना? तीन प्रभाराच्या ॲल्युमिनियमच्या जागी चार प्रभाराचा मँगनीज बसवला की हिशेब चुकतो. शेजारी दोन प्रभाराचा मॅग्नेशियम बसला की दोघं मिळून दोन ॲल्युमिनियमची जागा बरोबर भरतात.

हायड्रोफ्लोरिकपासून लांब राहिलास ते फार चांगलं केलंस. ते कातडीतून हाडापर्यंत जातं आणि सुरुवातीला बऱ्याचदा दुखतही नाही. ज्यांना वापरावंच लागतं त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी ठेवल्याशिवाय बाटली उघडूसुद्धा नये.

---

मांजराकाठ · १० डिसेंबर, रात्री ९:४५

ताई, तुमचं वाचून लगेच एक्सआरडीचा आलेख पुन्हा काढून बसलो. हेक्साॲल्युमिनेटच्या शिखरांशेजारी नको असलेली दोन संयुगं स्पष्ट दिसतायत. मॅग्नेशियम घातलं नव्हतं. आमच्या भट्टीत साधी तार आहे, ती १२०० च्या पुढं न्यायची म्हणजे तार गेलीच. १४०० ची भट्टी दुसऱ्या विभागात आहे, तिथं नंबर लावलाय. थोडं बोरिक आम्ल घातलं तर ते वितळून कणांना जुळायला मदत करेल आणि कमी तापमानात भागेल, असा विचार आहे.

---

गोदातीर · ११ डिसेंबर, सकाळी ७:३०

एक प्रश्न, राग मानू नये. मी वाळूजला एका कारखान्यात दिवे जोडण्याच्या विभागात काम करतो. झाडाला ६६० चाच उजेड हवा असेल तर सरळ लाल चकतीचा एलईडी का लावू नये? तो बाजारात मिळतो. निळा उजेड आधी करायचा, मग पावडरीतून लाल करायचा, यात ऊर्जा वाया जाते.

---

मांजराकाठ · ११ डिसेंबर, रात्री ११:१०

राग कसला, मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं.

तुमचा हिशेब बरोबर आहे. ४५० चा निळा कण ६५६ चा लाल झाला की साधारण ३१ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते, पावडर कितीही उत्तम असली तरी. नुसता लाल हवा असेल, जसा मामांच्या रानात, तर लाल चकतीच सरस आहे. हे मी प्रबंधातही तसंच लिहिणार आहे.

पावडरीची जागा वेगळी आहे. रोपवाटिकेत किंवा बंद खोलीत रोपं वाढवतात तिथं पांढरा आणि लाल दोन्ही लागतात. लाल चकतीला जवळपास २ व्होल्ट लागतात, निळीला ३ च्या आसपास. शिवाय लाल चकती तापली की तिचा उजेड निळीपेक्षा लवकर उतरतो. दोघी एकाच दिव्यात घातल्या की ड्रायव्हर गुंतागुंतीचा होतो. पावडरीनं एकाच प्रकारच्या चकतीवर, साध्या ड्रायव्हरवर भागतं. वायरमन काकांनी ड्रायव्हरबद्दल लिहिलंय ते वाचल्यावर मला हा मुद्दा आणखी पटला.

---

पैठणची_लेक · १२ डिसेंबर, दुपारी ३:२०

शेतीचा धागा आहे, तरी लिहिते, कारण लाल रंगाचं माझंही दुखणं आहे. आमच्या घरी दोन पिढ्या पैठणीचे माग आहेत. पूर्वी पिवळ्या गोळ्याखाली बसायचो, आता सगळे पांढरे एलईडी. बिल कमी झालं, उजेडही भरपूर. पण तांबडं आणि किरमिजी रेशीम मागावर एक दिसतं, अंगणात वेगळंच दिसतं. मागच्या वर्षी पदरातल्या मोरासाठी दोन लडी घेतल्या, दिव्याखाली एकसारख्या वाटल्या. अर्धा पदर विणून झाल्यावर दुपारी दाराशी धरला तर दोन लालांत सरळ फरक. आठ दिवसांचं काम उसवावं लागलं. आईचे डोळे त्या दिवशी भरून आले होते.

आता प्रत्येक लडी उन्हात नेऊन मगच वापरतो. हे दिव्यामुळंच होतंय का?

---

मांजराकाठ · १२ डिसेंबर, रात्री १०:५५

ताई, वाचून फार वाईट वाटलं. हो, हे दिव्यामुळंच होतंय.

दिवा रंग किती खरे दाखवतो यासाठी एक निर्देशांक असतो, खोक्यावर 'सीआरआय' म्हणून छापतात. १०० म्हणजे उत्तम. पण तो आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांवरून काढतात, आणि त्या आठांत गडद लाल नाहीच. गडद लालाचा नमुना वेगळा मोजतात, त्याला आर-नऊ म्हणतात. साध्या पांढऱ्या बल्बाचा सीआरआय ८० असला तरी आर-नऊ शून्याच्या आसपास असू शकतो. जुना पिवळा गोळा लालानं भरलेला असायचा, म्हणून तेव्हा फसगत होत नव्हती.

माझी पावडर मात्र तुमच्या मागासाठी नाही. ६५६ चा लाल माणसाच्या डोळ्याला फार अंधुक दिसतो, डोळ्याची सगळ्यात जास्त पकड ५५५ ला असते आणि ६५६ ला तिच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्या लालासाठी वीज जास्त जाईल. तुमच्यासाठी ६३१ ला चमकणारा मँगनीज फ्लोराइड किंवा नायट्राइड घातलेले दिवे योग्य. दुकानात 'सीआरआय ९० च्या वर' आणि आर-नऊचा आकडा ५० च्या वर असलेले मागा. महाग पडतील, पण सगळ्या घराला नकोत, मागावरचे दोन पुरेत.

---

पैठणची_लेक · १३ डिसेंबर, सकाळी ९:००

इतकं कुणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. भाऊ संभाजीनगरला जाणार आहे, त्याला हे लिहून देते. आणलेत की लडी धरून बघून कळवीन.

---

परळीकर · १४ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

आमच्या गावचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडलेलं मी स्वतः पाहिलंय. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्हीही टँकरच्या रांगेत होतो. म्हणून विजेचा हिशेब मी पाण्यात करतो.

थंड करायचे मनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना केंद्र सरकारनं २०१५ मध्ये मर्यादा घातली: एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाणी. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. समजा एकरात पाचशे बल्ब. ६० वॅटचे गोळे चार तास लावले तर १२० युनिट, ९ वॅटचे एलईडी लावले तर १८. एका रात्रीत १०२ युनिट वाचले, म्हणजे साडेतीनशे लिटरच्या वर पाणी. एका एकरात, एका रात्रीत.

उजाला योजनेत ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. २०१४ मध्ये सरकार जो बल्ब ३१० रुपयांना घेत होतं, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ही फार मोठी गोष्ट आहे. पण शिवारातून दादा म्हणतात तसे दोन महिन्यांत जाणारे बल्ब असतील तर वाचलेल्यातलं बरंच कचऱ्यात गेलं.

---

मांजराकाठ · १४ जानेवारी, रात्री ११:५५

महिनाभर गप्प होतो, माफ करा. १४०० च्या भट्टीत नंबर लागायला वेळ गेला. पहिल्या वेळी चौथ्या तासाला वीज गेली आणि भट्टी थंड पडली. पावडर अर्धवट भाजलेली, फिकट तपकिरी. मार्गदर्शक म्हणाले, खलात घाल, दोन तास घोट, पुन्हा भाज. तसंच केलं. मॅग्नेशियम घातलेला नवा घाणा आणि जुना, दोन्ही एकत्र ठेवले आणि सहा तास भट्टीपाशी बसून काढले.

आज संक्रांत. सुट्टी होती तरी रखवालदार काकांना विनवून प्रयोगशाळा उघडली. खोली अंधारी केली, पावडरीवर निळा एलईडी धरला आणि डोळ्यापुढं लाल काच धरली. नवा घाणा निखाऱ्यासारखा लाल. जुना लाल आहे, पण मंद. एक्सआरडीत एकच संयुग. ताई, मॅग्नेशियमबद्दल तुम्ही सांगितलं नसतं तर अजून दोन महिने गेले असते.

निळ्या उजेडात ती अजून पाहिजे तेवढी शोषत नाही, अतिनीलमध्ये जास्त चमकते. खरी कार्यक्षमता मोजायला सगळीकडं जाणारा उजेड गोळा करून मोजणारं गोलाकार यंत्र लागतं, ते इथं नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतील. १५० अंशांवर किती उजेड उरतो तेही बाकी आहे. एकूण पावडर चार ग्रॅम. बल्ब करण्याएवढी नाही, पण सिलिकॉनमध्ये कालवून दहा-बारा चकत्यांवर लावता येईल.

शिवारातून दादा, एक विचारायचंय. माझी पावडर रानात यायला वेळ आहे, पण लाल उजेडानं फरक पडतो का हे आत्ताच बघता येईल. बाजारातले ६६० चे लाल बल्ब मी शिष्यवृत्तीतून आणतो. एका ओळीला लाल, एका ओळीला तुमचे पांढरे, एक ओळ अंधारात, मधी दोन ओळी सोडून. कळ्या मोजायच्या. मामांच्या रानात असंच करतोय, पण एका रानावरून काही ठरवता येणार नाही.

---

शिवारातून · १५ जानेवारी, सकाळी ५:५०

हाव, करू की. पश्चिमेकडच्या तीन ओळी देतो, पंधरा-पंधरा खांबांच्या. त्या बांधाकडं आहेत, शेजारचा उजेड येत नाही. कळ्या मोजायचं काम धाकटीला देतो, ती दहावीला आहे, वहीत तारीख घालून लिहील.

बल्बाचे पैसे अर्धे अर्धे करू. या आठवड्यात लाईट रात्री दहाला येते, मंगळवारी ये. मुक्कामालाच ये, जेवण इथंच. आणि त्या लाल पावडरीची बाटली अन् निळा दिवा घेऊन ये, आईला अन् पोरीला बघायचंय.

---

निवृत्त_वायरमन · १५ जानेवारी, सकाळी ८:१०

मी अंबाजोगाईतच असतो. मंगळवारी मल्टीमीटर घेऊन येतो. दहाला, बाराला आणि दोनला व्होल्टेज मोजून तिन्ही ओळींच्या वहीत तेही लिहू. होल्डर पाणी न जाणारेच आण, नसतील मिळाले तर माझ्याकडं वीस आहेत.